पहिल्या ओळीतला देव

तीस वर्षं मी ओळी उचलायचं काम केलं. हमाल पोती उचलतो, मी ओळी उचलल्या. जावई नेमकं काय करतो हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते पाहुण्यांना सांगायचे, "कॉम्प्युटर दुरुस्त करतात." एकदा त्यांनी बंद पडलेला मिक्सर माझ्यापुढं आणून ठेवला, तेव्हापासून मी समजावून सांगायचा नाद सोडला. पण अंकाच्या वाचकाला मिक्सर दुरुस्त करून देऊन वाटेला लावता येत नाही, म्हणून आधी धंदा सांगतो.

कुठल्याही संस्थेतली माहिती कॉम्प्युटरात तक्ता करून ठेवलेली असते. एका माणसाची एक ओळ. हे जे कोठार, त्याला डेटाबेस म्हणतात. आपल्या प्रोग्रामनं त्याला प्रश्न विचारायचा, म्हणजे समजा, 'सगळे सभासद क्रमानं दे.' लोकांना वाटतं, उत्तर एकदम पदरात पडतं. तसं नसतं. डेटाबेस म्हणतो, तयार आहे, माग. मग आपण एकेक ओळ मागायची. ह्या मागण्याला आम्ही 'फेच' म्हणतो. फेच म्हटलं की एक ओळ हातात येते आणि आतली खूण पुढच्या ओळीवर सरकते. पुन्हा फेच, पुढची ओळ. ओळी संपल्या की तो 'नाही' म्हणतो आणि आपण थांबायचं. हातात आलेली ओळ आत परत जात नाही, तिचं जे काही करायचं ते तिथल्या तिथं करायचं. संपलं. एवढ्यावर माझं घर उभं राहिलं आणि दोन मुली शिकल्या.

ह्यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही तीस वर्षं तेच म्हणत होतो आणि चुकणाऱ्यांना हसत होतो.

हसण्यासारखी माणसं मला भरपूर मिळाली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी पुण्याहून एक इंजिनियर आणला होता. टायवाला. त्याला एकेक ओळ मागणं कमीपणाचं वाटायचं. त्यानं कारखाना सुरू झाल्यापासूनचं प्रत्येक कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, नोंद एका दमात मशीनच्या डोक्यात कोंबली आणि मशीन गपकन बसलं. माल भरलेला ट्रक दारात, लेबल छापून होईना, म्हणून गेटपास होईना. मालकांनी मला फोन केला, "पावणं, तेवढा आमचा हत्ती उठवून द्या की." मी गेलो, त्याच्या सात पानांतल्या चार ओळी बदलल्या आणि हत्ती उठला. टायवाला मला म्हणतो, "सर, पण एकेक रो घेणं ही जुनी पद्धत झाली ना?" मी म्हटलं, "जेवताना घास एकेकच घेतोस की नाही? का ताट उचलून घशात ओततोस?" तो हसला नाही. त्या लोकांना विनोद पण पुण्याहून मागवावा लागतो.

आणि गिऱ्हाइकं काय सांगू. एका पतसंस्थेच्या चेअरमनना प्रत्येक पानावर स्वतःचा फोटो पाहिजे होता. एका डॉक्टरांना 'एकच बटण' पाहिजे होतं. ते दाबलं की काय व्हावं, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. मी सगळ्यांना तोंडावर हो म्हणायचो आणि घरी येऊन नकला करून दाखवायचो. बायको म्हणायची, "दुसऱ्याला एवढं हसू नये, उलटतं." मी तिलाही हसायचो.

उलटलं ते कागलच्या अलीकडच्या एका गावात. नदीकाठचं गाव, तिथली पाणीपुरवठा संस्था. नदीचं पाणी मोटरनं वर चढवायचं आणि पाइपनं सभासदांच्या रानात न्यायचं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाची पाण्याची पाळी येते. कुणाची पाळी कधी, किती तास, हे पाळीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि त्याप्रमाणं पाइपलाइनवरच्या चेंबरमधला, म्हणजे बांधीव खड्ड्यातला, वॉल फिरवून पाणी सोडणारा माणूस म्हणजे पाटकरी. पूर्वी पाळीपत्रक हातानं लिहायचे आणि त्यावरून डोकी फुटायची. तेव्हा कमिटीनं ठराव केला की यादी कॉम्प्युटरनं काढायची आणि कागदाबाहेर पाण्याचा थेंब सोडायचा नाही. तो प्रोग्राम मी लिहिला. उद्‌घाटनाला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. 'के' चं बटण त्या दिवसापासून चिकटलं ते चिकटलंच.

तिथले सचिव दादू आण्णा. धोतर, काळी टोपी, आणि टायपिंग एका बोटानं. सगळ्या सभासदांची माहिती त्यांनी त्या एका बोटानं भरली. मी वाट बघून कंटाळलो, पण बोट काही दुसऱ्या बोटाची मदत घेईना. यादी छापून आली तशी त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "शाणं हाय तुमचं मशीन." कशावरून शहाणं, ते मी विचारलं नाही. कौतुकाची चौकशी करायची मला सवय नव्हती.

अकरा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग जुनं मशीन मोडकळीला आलं, आणि निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी सगळं नव्या मशीनवर, नव्या भाषेत नेलं. भाषा नवी, पण डोकं माझंच, त्यामुळं लिहिण्याची पद्धत तीच. सामान हलवताना माणूस अडगळ टाकतो, तशी मीही माहितीतली अडगळ काढत होतो, तर यादीच्या तोंडालाच एक ओळ सापडली. सभासद क्रमांक शून्य. नाव, श्री. आडनाव, बिरदेव. चेंबर शून्य, क्षेत्र शून्य.

मी ऑफिसात सगळ्यांना बोलावून ती दाखवली. लई हसलो आम्ही. मी म्हटलं, "देवानं शेअर कधी घेतला? वारस कोण लावलाय बघा." दादू आण्णांना एक फोन करावा, एवढंही मला वाटलं नाही. त्यांच्या हाताच्या वह्यांमध्ये पहिली ओळ कायम देवाची असायची, माणसाचं नाव दुसऱ्या ओळीपासून, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण वही वेगळी आणि डेटाबेस वेगळा. डेटाबेसमध्ये देवाचं काय काम? मी ती ओळ पुसली, हात झटकले आणि चहा प्यायलो.

एप्रिलच्या पहिल्या पाळीला, नव्या मशीनची पहिलीच यादी हातात पडल्यावर, पाटकऱ्याचा फोन आला. मारुती त्याचं नाव. त्या गावातला प्रत्येक वॉल त्याला माणसासारखा माहीत.

"सायेब, शेवंता आक्कांचं नाव न्हाय कागदात."

"मग नसेल."

"असं कसं? पयल्या चेंबरला पयलं रान त्यांचंच हाय. पाळीची सुरवातच तितनं हुतीया."

मी त्याला जे सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतं, कारण नंतर ते मला बऱ्याच वेळा आठवावं लागलं. मी म्हटलं, "मारुती, कॉम्प्युटर चुकत नाही. माणूस चुकतो. तुमच्या आण्णांना विचार, त्यांच्या बोटानं काहीतरी केलं असेल." आणि फोन ठेवला. मारुतीनं आण्णांना विचारलं. आण्णा म्हणाले, मशीननं नाव काढलंय म्हणजे वरनं काहीतरी आलं असंल, कागदाबाहेर जाऊ नगंस.

शेवंता आक्का म्हणजे पन्नाशीच्या विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी रान आपल्याकडं ओढायचा घाट घातला होता. बाईनं तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चपला झिजवल्या, उताऱ्यावर स्वतःचं नाव लावून घेतलं आणि संस्थेत स्वतःच्या नावानं सभासद झाली. त्यामुळं कागदातनं नाव गेलं म्हटल्यावर तिला एकच सुचलं, की दिरांनी डाव साधला. पहिली पाळी चुकली. दुसरी पाळी आली तरी कागदात नाव नाही. रानात उसाची नवी लावण, एप्रिलचं ऊन, शेंडे करपायला लागले. मारुतीला ते बघवेना. त्यानं दुसऱ्या पाळीला कागदाबाहेर दोन तास वॉल फिरवला.

तेवढ्यात त्याला पकडलं. पकडणारे आक्कांचे थोरले दीर, कमिटीतले मेंबर, दुसरं कोण असणार? कमिटीनं मारुतीला कामावरून थांबवलं. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये त्याला कायमचा काढायचं ठरलं. कागदाबाहेर पाणी सोडू नये म्हणूनच तर कॉम्प्युटर आणला होता. एकवीस वर्षं वॉल फिरवलेला माणूस एका छापील कागदापुढं चोर ठरला. गावात कुजबूज, बाईनं पैसे चारले असतील म्हणून.

ह्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ते कळलं गुरुवारी, दुपारी, शेवंता आक्का एसटीनं माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा. डोक्यावर पदर, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला सभासदत्वाचा दाखला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या. दोन पाळ्यांची सगळी हकीकत उभ्या उभ्या सांगितली, दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या मशिनीत मी हाय का न्हाय, तेवढं बघून सांगा. नसलो तर कुणी काढलं ते सांगा. मी निघतो मग."

मी कुत्सितपणे हसतच मशीनमधला सभासदांचा तक्ता उघडला. आता दादू आण्णांचं बोट सापडतंय, ह्या खुशीत होतो. तर आक्का होत्या. पहिल्याच ओळीत, नावगाव, क्षेत्र, चेंबर, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "ह्या काय तुम्ही, आहात की." त्या म्हणाल्या, "मग कागूद काढा." मी यादी छापली. यादीत त्या नव्हत्या. पहिलं नाव दुसऱ्या ओळीतल्या माणसाचं.

पुन्हा छापली. नाहीत.

मग मी प्रोग्राममधली ती जागा उघडली जी मी अकरा वर्षांपूर्वी लिहिली होती आणि नव्या भाषेत न बघता जशीच्या तशी उतरवली होती. यादी रिकामी असेल तर 'माहिती नाही' असं छापावं, म्हणून मी आधी एक फेच मारून बघत होतो, काही आहे का ते. असेल तर लूप सुरू, म्हणजे एकेक ओळ मागून छापत जायचं चक्र. आणि लूप सुरू झाला की तो पुन्हा फेचपासूनच सुरू. म्हणजे बघायला म्हणून उचललेली पहिली ओळ हातात यायची आणि तिथंच पडायची, ती छापायचं कामच मी कुणाला दिलं नव्हतं. पंगतीत पांढरा रस्सा आहे का बघायला पहिला डाव भरून काढायचा, 'आहे' म्हणायचं, तो डाव मोरीत ओतायचा आणि मग वाढायला लागायचं, तसा हा प्रकार. पहिल्या पानावर बसलेला माणूस उपाशी. पोरंसोरं करतात ही चूक. मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हीच चूक दाखवून हसायचो.

अकरा वर्षं ती कुणाला कळली नाही, कारण पहिल्या ओळीत बिरदेव होता. दर पाळीला मी देवाला उचलून फेकत होतो, आणि देवाला रान नसल्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं. दादू आण्णांना वाटायचं, मशीन शहाणं आहे, देवाला पाळी नसते हे त्याला कळतं. मग मी देव पुसला आणि त्याच्या जागी आक्का आल्या.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "कोण हाय?" म्हणाल्या.

"कोण म्हणजे?"

"नाव काढणारा."

मला त्या वेळी आण्णांचं बोट, वीज, व्हायरस, नवी भाषा, सगळं सुचलं. ह्या धंद्यात थापांचं कोठार भरलेलं असतं, आणि त्यातनं उचलताना पहिली ओळ कधी पडत नाही. पण बाई उभी होती आणि तिच्या चपलांची धूळ माझ्या फरशीवर पडली होती. मी म्हटलं, "मी आहे."

त्यांनी दाखला पिशवीत घातला. "रविवारी या," म्हणाल्या, "आन् तितं सांगा. मारुती माझ्यापायी घरी बसलाय." आणि गेल्या.

रविवारी गेलो. खोटं कशाला सांगू, वाटेत दोनदा गाडी वळवावीशी वाटली. कमिटीची मीटिंग बिरदेवाच्या देवळामागच्या खोलीत. चेअरमन, सगळे मेंबर, दादू आण्णा. मारुती दाराबाहेर उकिडवा बसलेला. आक्का भिंतीला टेकून उभ्या. दीर पहिल्या रांगेत, मिशीवर हात.

मी सांगायला लागलो. क्वेरी, फेच, लूप. पाच मिनिटांत निम्मे लोक पंख्याकडं बघायला लागले. शेवटी मी पाच मेंबरांना ओळीत उभं केलं. म्हटलं, मी प्रोग्राम. हे सभासद. मी पहिल्याला हात धरून पुढं ओढलं, "आहे का कुणी? आहे," म्हटलं, आणि त्याला दाराबाहेर मारुतीशेजारी नेऊन बसवलं. मग उरलेल्या चौघांची नावं पुकारली. नेमके पहिले उभे होते ते थोरले दीर. बाहेरून त्यांचा आवाज आला, "आन् माझं नाव?"

पंख्याकडं बघणारे सगळे दाराकडं वळले. चेअरमन म्हणाले, "म्हंजे देव हुता तवर देव भाईर जायचा. देव गेला, मग आक्का भाईर."

"हो."

"आन् देव कुणी काढला?"

"मीच."

दादू आण्णा टोपी काढून बसले होते. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडं बघत म्हणाले, "म्हंजे अकरा वर्सं तुमची चूक देवानं आपल्या अंगावर घेतली, आन् तुम्ही त्यालाच फुसून टाकलासा."

देवबिव मी मानत नाही, आजही मानत नाही. पण मला शिव्या घालणारं त्या खोलीत कुणी नव्हतं आणि मला शिव्यांची फार गरज होती.

मारुतीला कामावर परत घ्यायचा ठराव झाला. दिरांनी हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही, मधेच कुठंतरी धरला. मग चेअरमनना उमाळा आला. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणाले, देवाचं नाव परत यादीत घाला, आणि आक्कांची लावण करपली आहे तर बिरदेवाच्या नावानं त्यांना चार तास जादा पाणी सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाव मोठ्या मनाचं झालं की अशाच माना डोलावतं.

आक्का भिंतीपासून पुढं आल्या. "देवाच्या नावानं नगं," म्हणाल्या. "देवाचं देवाला ऱ्हाऊ द्या. माझं गेलेलं पाणी माझ्या नावानं द्या. कागदात लिवून द्या."

चेअरमन म्हणाले, "आक्का, पाणी तेच की."

"पाणी तेच हाय," त्या म्हणाल्या. "नाव माझं पायजे."

मी तिथंच लॅपटॉप उघडला, ती फालतू फेच काढून टाकली आणि यादी काढली. मग लॅपटॉप पुढं सरकवला आणि दादू आण्णांनी एका बोटानं देव परत घातला. आता छापल्यावर वर देवही येतो, सहा ते सहा, शून्य तास. त्याच्याखाली शेवंता आक्का, सहापासून, चार तास जादा धरून. मारुती तो कागद घेऊन सरळ वॉलकडं गेला. माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं, फोन मीच ठेवला होता. लावण निम्मी वाचली. निम्मी गेली, ती त्या वर्षी परत लावावी लागली.

आता मी निवृत्त आहे. नवी पोरं सगळं मशीनलाच लिहायला सांगतात आणि काय लिहिलं ते वाचत नाहीत. त्यांना हसायला तोंड उघडतो आणि मिटतो.

दर पंधरा दिवसांनी, पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मारुतीच्या मोबाइलवरून मला एक फोटो येतो. पाळीपत्रकाचं पहिलं पान, आणि दुसऱ्या ओळीखाली टेकवलेलं एक बोट. मातीनं चिरलेलं, नखाशी काळं. आक्कांना वाचता येत नाही, त्या मारुतीला नाव दाखवायला लावतात आणि त्याच्याखाली बोट टेकवतात. फोटोबरोबर एक शब्द नसतो. सुरुवातीला मला वाटलं, बाई आभार मानतात. बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "आभार कसले, राखण करतायत तुमच्यावर."

मागच्या पाळीला मी लग्नकार्यात होतो, फोटो उघडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, नाव नाही.

"बगितलासा न्हवं?"

मी तिथंच उभ्या उभ्या फोटो उघडला, बोटाच्या वरची ओळ वाचली आणि मग म्हटलं, "बघितलं, आक्का. आहात."